नवीन कुलूप, तीन किल्ल्या

माझा धंदा कुलपांचा. त्यामुळे माणसावर विश्वास ठेवायची सवय मला कधी लागलीच नाही. दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणतो, "मास्तर, किल्ली हरवली." खरंच हरवली का, आणि कुलूप याचंच कशावरून, हे मी आधी विचारतो. लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. झोंबू देत. एकदा एकाने बायकोच्या कपाटाच्या किल्लीचा ठसा साबणाच्या वडीवर उठवून आणला आणि वर मलाच विचारलं, "ठसा बरा उठलाय ना?" त्याला असा काही झापला की वडी टाकून पळाला. ती वडी आम्ही महिनाभर वापरली.

दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली आहे. आत मी, कानशींचा डबा आणि किल्ल्या कापायचं यंत्र, एवढंच मावतं. घर तिथून दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या नि स्वयंपाकघर, माझ्या आणि बायकोच्या नावावर, बँकेचं कर्ज काढून घेतलेलं. अकरा वर्षं एक हप्ता चुकला नाही. मग एका गोदामाच्या शटरला कुलूप बसवताना मी शिडीवरून पडलो आणि उजवं मनगट मोडलं. पाच महिने दुकान बंद. दवाखान्याचं बिल एका क्रेडिट कार्डावर, त्या कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डावर, आणि घराचा हप्ता वाऱ्यावर.

पुढे काय होणार हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. बँकेचे लोक थकलेल्या घराचा ताबा घ्यायला जातात तेव्हा कुलूप उघडायला मलाच नेतात. पद्धत ठरलेली आहे. आधी रजिस्टर पत्र, मग साठ दिवसांची मुदत, आणि मग एखाद्या सकाळी अधिकारी, दोन साक्षीदार, एक पोलीस आणि मी. मी जुनं कुलूप काढतो, नवं बसवतो, पावतीवर लिहितो, 'नवीन कुलूप, तीन किल्ल्या', सही करतो आणि पैसे घेऊन निघतो. पहिल्या घरात मी मान वर करून आत पाहिलं होतं. एक म्हातारे गृहस्थ पंख्याखाली बसून बुटाच्या नाड्या बांधत होते, त्यांना ते जमत नव्हतं. तेव्हापासून कानाला खडा लावला, नजर कुलपावर ठेवायची. अशी बँकेची अकरा घरं केली. शिवाय अलीकडे एक टोपीवाला वसुलीवाला मला परस्पर फोन करायचा, त्याची तीन. त्याच्याबरोबर ना अधिकारी असायचा, ना पोलीस. पण तो पैसे दुप्पट द्यायचा, तेही आधी.

याच कामातून मी एक अक्कल शिकलो होतो. नवव्या घरी दारातल्या बाईंनी सांगितलं, आम्हाला पत्रच मिळालं नाही. अधिकाऱ्याने कागद चाळले, कपाळाला आठ्या घातल्या आणि आम्ही सगळे हात हलवत परत आलो. मी ते डोक्यात पक्कं बसवलं. पत्र मिळालं नाही तर ताबा नाही. म्हणून पोस्टमन माझ्या नावाचं रजिस्टर पत्र घेऊन आला तेव्हा मी सही केलीच नाही. त्याला जिन्यातूनच वाटेला लावला. खालच्या पत्रपेटीला माझ्या हातचं सर्वात अवघड कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या कमरेला. पेटी उघडायचीच नाही, मग मिळालं कसं म्हणतील?

मी स्वतःवर फार खूश होतो.

तेवढ्यात घरी तो माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, कार्डावर 'कर्जमुक्ती सल्ला केंद्र'. बायको कामावर होती. ती पडद्यांच्या दुकानात शिलाई करते. खुर्चीवर बसायच्या आधी त्याने ती रुमालाने पुसली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

"काका, तुमच्या घरावर बँकेची नजर आहे," तो म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"आमचं कामच आहे ते. हे बघा, घर तात्पुरतं केंद्राच्या नावावर करायचं. आम्ही बँकेला गप्प करतो. तुम्ही इथेच राहायचं, थोडं भाडं द्यायचं. दोन वर्षांनी घर परत तुमच्या नावावर."

"आणि तू हे पुण्य कशासाठी करणार?"

"पुण्य कसलं, काका? फी घेतो आम्ही. आज अर्धी, काम झाल्यावर अर्धी."

इथे मी फसलो. फी म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. फुकट काही देऊ करणाऱ्याला मी दाराबाहेर उभा करतो, पण पैसे मागणाऱ्याचा हेतू तरी कळतो, असा माझा जन्माचा हिशेब. मी त्याच्या एका फॉर्मवर सही केली. घर दोघांच्या नावावर आहे असं मी सांगितलं, तर म्हणाला, "काकूंची सही काय, घरातलीच आहे, नंतर घेऊ." मग त्याने घराची किंमत ठरवायला येणाऱ्या माणसासाठी एक किल्ली मागितली. मी दुकानात जाऊन त्याच्यादेखत कापून दिली, वर दुकानाच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला अडकवून. घराचं मूळ खरेदीपत्र बुधवारी त्याच्या ऑफिसात आणून द्यायचं ठरलं. बायकोला यातलं अवाक्षरही सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर तिने भावाला सांगितलं असतं, आणि माझा मेहुणा असा प्राणी आहे की त्याने पहिल्यांदा घराची चौकशी केली असती आणि मग माझ्या मनगटाची.

खरेदीपत्र पलंगाखालच्या लोखंडी पेटीत होतं. सोमवारी पेटी ओढली तर तिच्या कुलपावर मला दोन बारीक ओरखडे दिसले. ताजे. चावीच्या भोकाच्या डाव्या अंगाला, जिथे आकडा घालून चाप उचलतात तिथे. भिंगातून पाहिलं. काम सफाईदार होतं, हात हलका होता. कुलूप उघडलं. पेटीत विम्याचे कागद होते, आईचे दोन फोटो होते, माझं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र होतं. खरेदीपत्र नव्हतं.

पायाखालची वाळू सरकली म्हणतात ते मला तेव्हा कळलं. मी पलंगावर बसून राहिलो. चोर बाहेरचा असता तर कुलूप पुन्हा नीट लावून गेला नसता.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. गेले पाच मंगळवार बायको दुपारची कामावर नसते. मी एकदा तिच्या दुकानात फोन केला होता तेव्हा मालकीण म्हणाली, "त्या तर गेल्या लवकर." घरी विचारलं तर ही म्हणाली, "मापं घ्यायला गेले होते." मेहुण्याचा फोन आला की ती हल्ली स्वयंपाकघरात जाऊन बोलायची. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि मी जगाची कुलपं तपासत बसलो होतो. बहीणभावाने मिळून घर विकायला काढलं असणार. मला घरात ताकास तूर लागू दिली नव्हती. रागाने माझं मनगट पुन्हा दुखायला लागलं.

त्या रात्री मी ताटाकडे बघत जेवत होतो. तीच म्हणाली, "काय झालं? तोंड का पाडून बसलात?"

"हात दुखतोय."

"तेल लावून देऊ?"

"नको," मी म्हणालो. बघा, किती गोड बोलते, हेच माझ्या मनात.

मंगळवारी मी दुकान बंद केलं आणि तिच्या मागे गेलो. ती भराभर चालत होती. पिशवी छातीशी धरलेली. मेहुणा कुठल्या कोपऱ्यावर भेटणार म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. पण ती सरळ कोर्टाच्या आवारात शिरली, मागच्या बाजूला गेली आणि एका लांबट खोलीपुढच्या बाकावर बसली. दारावर पाटी होती, 'मोफत कायदा सल्ला'. शिपायाने तिला नंबराचा बिल्ला दिला. तिच्या आधी आठ माणसं होती. सगळ्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत कागद. मी खांबाआड दीड तास उभा राहिलो. तिचा नंबर आला तसा तिच्या पाठोपाठ आत घुसलो.

"माझं खरेदीपत्र कुठे आहे?" मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. दचकली नाही, हेच मला लागलं.

टेबलामागे एक वकीलबाई होत्या. केस आखूड, चष्मा कपाळावर, पुढ्यात फाइलींचा ढीग. त्या म्हणाल्या, "माझ्या कपाटात आहे. पोच दिली आहे त्यांना. बसा."

"तुमची फी किती?"

"काही नाही. पाटी वाचली नाहीत?"

"फुकट कोणी काही करत नसतं."

"मला सरकार पगार देतं," त्या म्हणाल्या. "आता बसता का? बाहेर अजून माणसं आहेत."

मी बसलो. त्यांनी माझ्यापुढे एक पत्र सरकवलं. बँकेचं. माझ्या पत्रपेटीतलं, रजिस्टर पत्राची साध्या टपालाने आलेली प्रत.

"हे तुला कसं मिळालं?" मी बायकोला विचारलं.

"पेटीतून काढलं."

"किल्ली माझ्याकडे आहे."

"मशिनची मोठी सुई वाकवली," ती म्हणाली. "वीस वर्षं तुमची बडबड ऐकतेय. चाप कुठे असतो, कसा उचलायचा. एवढंही शिकले नसते?"

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तीनदा सांगायला आले. तिन्ही वेळा तुम्ही विचारलंत, तुला कोणी शिकवलं हे बोलायला."

वकीलबाई म्हणाल्या, "भांडण घरी करा. साठातले छप्पन्न दिवस गेलेत."

"पत्र मी घेतलंच नाही," मी छाती काढून म्हणालो. "सही नाही माझी. नवव्या घरी असंच झालं होतं." आणि मी त्यांना नवव्या घराची हकीगत सांगितली.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "ते पत्र बँकेने चुकीच्या पत्त्यावर पाठवलं असणार. म्हणून ते परत गेले. तुमचं रजिस्टर पत्र बरोबर पत्त्यावर आलंय, आणि पोस्टमनने त्यावर लिहून दिलंय, 'घेण्यास नकार'. कायदा धरून चालतो की ते तुमच्या हातात पडलं. तुमचे दिवस त्या तारखेपासून चालू आहेत."

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल तिचे उपकार.

मग त्या जे बोलल्या ते मी अर्धंमुर्धं ऐकलं, पण जेवढं ऐकलं तेवढं पक्कं लक्षात आहे. बँकेला मुदतीत लेखी हरकत द्यायची, बँकेला तिचं उत्तर द्यावंच लागतं. हिशेबात घराच्या विम्याचे पैसे दोनदा लावले आहेत, ते काढायला लावायचे. अपघाताचे कागद जोडून हप्ते लहान आणि वर्षं जास्त करून मागायची. कार्डवाल्यांशी वेगळी तडजोड करायची, आणि ते घरी येऊन धमकावत असतील तर त्यांच्यावर तक्रार करता येते. काहीच जमलं नाही तर दिवाळखोरीचा अर्ज, पण तो अगदी शेवटी, कारण त्याची किंमत मोठी असते. "घर वाचेलच असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण आज ते तुमचं आहे. हरकतीवर दोघांची सही लागेल. पाच आठवडे या एकट्याच येतायत. तुमच्या सहीशिवाय माझं घोडं अडलंय."

"सही करायच्या आधी एक सांगा," बायको मला म्हणाली. "दुसरीकडे कुठे सही केलीत का? मागच्या आठवड्यात खुर्चीखाली एक कार्ड सापडलं मला. म्हणून खरेदीपत्र हलवलं."

मला त्या वेळी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी सांगितलं. फॉर्म, फी, किल्ली, सगळं.

"किल्ली दिलीत?" बायको म्हणाली. "मला पत्रपेटीची देत नव्हतात."

वकीलबाई उठल्या, कपाटातून एक जाड फाईल काढली. "या केंद्राने तीन घरं अशीच घेतली आहेत. आधी सही, मग भाडं, मग एक दिवस भाडं थकलं म्हणून कुलूप. कोर्टाचा हुकूम नाही, काही नाही. केंद्र म्हणतं, माणसं आपणहून निघून गेली होती, घरं रिकामी होती. आम्हाला खोडता येत नाहीये." त्यांनी एक चिठोरं माझ्यापुढे धरलं. "ही पावती त्यातल्या एका घराच्या उंबऱ्याशी सापडली. शिक्का तुमच्या दुकानाचा आहे."

नवीन कुलूप, तीन किल्ल्या. खाली माझी सही, झोकदार.

"त्या दिवशी आत कोणी होतं का?" त्यांनी विचारलं.

"मी बघत नाही," मी म्हणालो.

ते खरं होतं. पण त्या घरात रेडिओ चालू होता. कुलूप काढताना मला बातम्या ऐकू आल्या होत्या, आणि मध्येच कोणीतरी आवाज बारीक केला होता. रिकाम्या घरात रेडिओचा आवाज आपोआप बारीक होत नाही. मला तेव्हाही ते कळलं होतं. टोपीवाल्याकडे कागद का नाहीत, हे आयुष्यभर सगळ्यांना उलटतपासणाऱ्या मी एकदाही विचारलं नव्हतं. त्याने पैसे आधी दिले होते.

"आठवलं तर लिहून द्या," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्यावरही बोट येईल, हे आधीच सांगते. पण माझ्याकडे दुसरा साक्षीदार नाही." मी हरकतीवर सही केली. त्या दुसऱ्या कागदाबद्दल काही बोललो नाही.

परत येताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. घरी पोचताच मी दाराचं कुलूप काढलं आणि दुकानातलं सगळ्यात महागडं बसवलं. तीन किल्ल्या होत्या. दोन तिच्या हातात दिल्या. तिने एक परत केली. "एक पुरते मला," म्हणाली. मी पत्रपेटीचीही किल्ली पुढे केली, तर म्हणाली, "ती ठेवा तुम्हीच, मला नाही लागत."

बुधवारी मी केंद्रात गेलो नाही. त्या फाईलवाल्या माणसाचे सहा फोन आले, मी उचलले नाहीत. गुरुवारी सकाळी आम्ही चहा पीत बसलो होतो. बायकोला कामावर उशिरा जायचं होतं, मी तिला तिथवर सोडून माझं दुकान उघडणार होतो. जिन्यात पावलं वाजली. दोन माणसं. आमच्या दारापाशी थांबली. बायकोने कप खाली ठेवला.

कुलपात किल्ली शिरली. मी कापलेली किल्ली. तिच्या चौथ्या दाताला मी जरा जास्त कानस मारली होती, तो खरखरीत आवाज मला ओळखू आला. किल्ली जराशी हलली आणि अडली. पुन्हा. पुन्हा. एवढ्या घरांत मी हा आवाज दाराच्या त्या बाजूने केला होता. या बाजूने तो किती मोठा येतो याची मला कल्पना नव्हती. मला भीती वाटली, आणि ते मान्य करायला मला लाज वाटत नाही.

बाहेर काहीतरी कुजबूज झाली. मग माझ्या खिशातला फोन थरथरला. पडद्यावर नाव आलं, 'टोपीवाला'.

त्याला माझं घर कुठे माहीत असणार? त्याच्या लेखी मी दुकानाचा एक नंबर होतो. मी दाराकडे पाठ केली, स्वयंपाकघरात गेलो आणि हळू आवाजात फोन घेतला.

"मास्तर, एक दार उघडायचंय," तो म्हणाला. त्याचा आवाज फोनमधून येत होता आणि दारामागूनही. "किल्ली दिलीय आम्हाला, पण लागत नाही. दुप्पट देतो. आत्ता या."

"पत्ता सांग."

त्याने माझा पत्ता सांगितला. मजला, दार नंबर, सगळं बरोबर.

"आत कोणी आहे का?" मी विचारलं. हा प्रश्न मी आजवर कोणालाच विचारला नव्हता.

"कोणी नाही हो," तो म्हणाला. "रिकामं आहे. माणसं केव्हाच गेली."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ते ऐकलं होतं. मी फोन ठेवला आणि खिशातून पावतीपुस्तक काढलं. ओट्यावर टेकवून लिहिलं. तारीख, वेळ, टोपीवाल्याचा नंबर, तो बोललेला शब्द न् शब्द. आणि खाली लिहिलं, 'घरात दोन माणसं होती. मी आणि माझी बायको.'

बाहेर पुन्हा किल्ली खरखरली. मी पान उलटलं आणि दुसऱ्या पावतीवर त्या रेडिओबद्दल लिहायला लागलो.